कचेरी किती दूर? : नंदुरबार जिल्ह्याची घडण

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. नकाशावर एक रेघ अधिक ओढली गेली, एवढाच या घटनेचा अर्थ आम्ही घेत नाही. सातपुड्यातील माणसाने सरकारच्या दारी पोहोचण्यासाठी किती वाट तुडवावी, हा तेथील फार जुना प्रश्न आहे. आणि या जिल्ह्याचा इतिहास पुष्कळ अंशी त्या प्रश्नाचाच इतिहास होय.

१८१८ साली पेशवाईचा अस्त झाला व खानदेश इंग्रजांच्या ताब्यात गेला. तापीकाठच्या काळ्या जमिनीची मोजणी करून सारा ठरविणे त्यांना जमण्यासारखे होते. डोंगरातील भिल्ल मात्र सहजी वश होईनात. तेव्हा १८२५ साली जेम्स औट्रम याने भिल्लांमधूनच शिपाई निवडून भिल्ल पलटण उभारली. पश्चिमेकडे काठीसारखी लहान मेहवासी संस्थाने होती. तेथील दैनंदिन कारभार प्रमुखांच्या हाती ठेवून सरकारने दुरून देखरेख केली. म्हणजे सपाटीवर सरकार दप्तर घेऊन गेले, तर डोंगरात बंदूक घेऊन. १९०६ साली खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले. पश्चिम खानदेशाचे मुख्य ठाणे धुळे झाले, आणि महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर त्याच ठाण्याचे नाव जिल्ह्यास मिळाले. नर्मदाकाठच्या माणसाला धुळे दूरच राहिले.

नव्या जिल्ह्यात नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा व अक्राणी असे सहा तालुके आले. अक्राणीची कचेरी धडगावला आहे. २००१ साली जिल्ह्याची लोकसंख्या १३,११,७०९ होती. २०११ साली ती १६,४८,२९५ झाली. शंभरांतील सुमारे एकोणसत्तर माणसे अनुसूचित जमातींची आहेत. भिल्ल, पावरा, मावची, कोकणी अशा अनेक समाजांचे हे घर आहे. त्यांची बोली घरात एक आणि कचेरीतील अर्जाची भाषा दुसरी. २०११ साली राज्यातील साक्षरता ८२ टक्क्यांच्या पुढे गेली असता येथे ती ६४ टक्क्यांच्या आसपासच होती. ज्याला अर्ज वाचता येत नाही, त्याला कचेरी दाराशी असूनही दूरच असते.

या अंतराची आणखी एक बाजू ध्यानी घेतली पाहिजे. सरदार सरोवराच्या जलाशयाने अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांतील ३३ गावे बाधित झाली. मणिबेलीसारख्या गावांतील कुटुंबांना पुनर्वसनासाठी आपण तेथलेच रहिवासी आहोत, हे कागदाने सिद्ध करावे लागले. पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनीचा कागद ज्यांच्यापाशी नव्हता, त्यांची केवढी कुचंबणा झाली असेल!

आणि याच जिल्ह्यात, शहादा तालुक्यातील टेंभली या गावी, २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिली ‘आधार’ क्रमांकपत्रे दिली गेली. ज्यांची नोंद ठेवण्यास सरकारला इतका काळ लागला, त्यांच्यापासूनच नव्या नोंदणीचा आरंभ व्हावा, हा योग आम्हांस अर्थपूर्ण वाटतो. परंतु क्रमांक म्हणजे हक्क नव्हे. क्रमांक मिळाल्यावरही धान्य, औषध व शिक्षक त्या पाड्यापर्यंत पोहोचावे लागतात.

नवा जिल्हा निरर्थक ठरला, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. जिल्हाधिकारी कार्यालय व जिल्हा परिषद जवळ आली. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला अधिकार दिले. २००६ च्या वनहक्क कायद्याने कसणाऱ्याचा जमिनीवरील दावा मान्य करण्याची वाट मोकळी केली. या दोन्ही कायद्यांत शासनाने प्रथमच डोंगरातील माणसाला ‘तू सांग’ असे म्हटले आहे. त्याने आपल्या बोलीत सांगितलेले ऐकून ते दप्तरी नीट उतरवून घेणारा माणूस कचेरीत बसलेला असेल, त्या दिवशी १९९८ साली ओढलेली ती रेघ सार्थकी लागली, असे आम्ही समजू.