साबरमतीचे वासरू आणि अंतिम शुश्रूषेची मर्यादा

असाध्य व्याधीने तळमळणाऱ्या पाळीव जनावराला अखेरपर्यंत सांभाळावे, की त्याच्या यातनांचा अंत करावा, हा प्रश्न भारतात केवळ पशुवैद्यकाचा कधीच नव्हता. जखमी व जराजर्जर जनावरांना नैसर्गिक मृत्यूपर्यंत आश्रय देणारी पांजरपोळ ही पश्चिम भारतातील जुनी संस्था होय. मुंबईची पांजरपोळ जमशेटजी जिजीभाई व मोतीचंद अमीचंद ह्यांच्या पुढाकाराने १८३४ मध्ये स्थापन झाली. पुढे १८८३ मध्ये परळ येथे बाई साकरबाई दिनशा पेटिट ह्यांच्या नावाने पशुरुग्णालय निघाले, आणि १८८६ मध्ये तेथेच पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. अशा रीतीने आश्रयाच्या जोडीला उपचार आला. तथापि उपचार जेथे संपतो तेथे कर्तव्य कोणते, ह्याचा जाहीर ऊहापोह १९२८ मध्येच झाला.

त्या वर्षी साबरमतीच्या आश्रमातील एक जायबंदी वासरू शुश्रूषा करूनही सुधारेना. त्याला कूस बदलणेही असह्य झाले होते, आणि शल्यवैद्याने आशा सोडली होती. आश्रमीयांत चर्चा झाली. जो जीव निर्माण करता येत नाही तो घेण्याचाही अधिकार नाही, असा एक आक्षेप निघाला. वल्लभभाई पटेलांना मुंबईतील निधिसंकलनावर होणाऱ्या परिणामाची चिंता वाटत होती. अखेरीस गांधींनी स्वतःच्या उपस्थितीत डॉक्टरकडून वासराला विषाचे इंजेक्शन देवविले. अहमदाबादचे लोकमत प्रतिकूल होईल हे जाणूनही त्यांनी ३० सप्टेंबर १९२८ च्या ‘नवजीवन’मध्ये ‘पावकनी ज्वाळा’ ह्या लेखात ही गोष्ट प्रकट केली.

ह्या लेखाचे महत्त्व कृतीच्या समर्थनापेक्षा तिला घातलेल्या मर्यादेत अधिक आहे. रोग्याच्या हितासाठी शस्त्र चालविणारा शल्यवैद्य हिंसा करीत नाही, हा दृष्टान्त देतानाच गांधींनी पिकांची नासाडी करणाऱ्या वानरांचा प्रश्न वेगळा काढला. तेथे मारणाराचा स्वार्थ असल्यामुळे ती हिंसाच ठरते. त्यानंतरच्या वादात त्यांनी चार अटी मांडल्या: व्याधी असाध्य असावी, सर्व संबंधितांनी आशा सोडलेली असावी, कोणतीही सेवा वा साहाय्य शक्य नसावे, आणि रोग्याला आपली इच्छा व्यक्त करता येणे अशक्य असावे. ह्यांतील एक जरी अट अपुरी राहिली, तरी प्राणहरण अहिंसेच्या दृष्टीने समर्थनीय नव्हे. म्हणजे मृत्यू हा सेवेचा पर्याय नसून सेवेचे सर्व मार्ग खुंटल्यावरचे अखेरचे पाऊल होय.

पुढील कायद्याचा उगम ह्याच वादात शोधणे धाडसाचे होईल. परंतु सावधगिरीची दिशा तीच आहे. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक अधिनियमाच्या तेराव्या कलमानुसार, मरणोन्मुख जखमी जनावराचा मालक हजर नसेल अथवा संमती देत नसेल, तर पोलीस अधिकाऱ्याने पशुवैद्यकीय अधिकाऱ्यास पाचारण करावयाचे असते. जनावर जिवंत ठेवणे क्रूरपणाचे होईल असे त्याने प्रमाणित केल्यावर, आणि दंडाधिकाऱ्याचा आदेश मिळाल्यावरच, त्याचा अंत करता येतो. २००१ च्या श्वानविषयक नियमांत तर एका कुत्र्यादेखत दुसऱ्याला मृत्यू देऊ नये, असे बंधन होते.

करुणा केवळ जीव राखण्यात नाही, तशी ती केवळ वेदना संपविण्यातही नाही. पालकाची गैरसोय, खर्च वा कंटाळा ह्यांना जनावराच्या यातनेचे नाव दिले जात नाही ना, हे पाहणे हेच १९२८ च्या त्या वादाचे खरे देणे होय.