प्याद्याचा जोर

कोणास क्षुद्र ठरवावयाचें झालें कीं, ‘तें केवळ प्यादें’ असें आपण सहज म्हणतों. बुद्धिबळाचा इतिहास या तुच्छतेस अनुकूल नाहीं, असें आम्हांस वाटतें. चतुरंग म्हणजे हत्ती, घोडे, रथ व पायदळ. सातव्या शतकांत बाणभट्टानें ‘हर्षचरितां’त या खेळाचा श्लेषानें निर्देश केला आहे. इराणमार्गें तो युरोपांत गेला. तेथें १७८० मध्यें हेल्विग या जर्मन पंडितानें त्यावरून युद्धाचा खेळ रचला. आणि अशा युद्धखेळांतूनच १९७४ मध्यें अमेरिकेंत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा कल्पित वीरांचा खेळ निघाला. त्यांत आरंभीं योद्धा, मांत्रिक व धर्मोपदेशक असे तीनच वर्ग होते. योद्ध्यास मंत्र येत नाहींत. त्यानें पुढें उभें राहून घाव सोसावे, मांत्रिकानें त्याच्या आडोशानें मंत्र योजावा, व धर्मोपदेशकानें त्याच्या जखमा भराव्या.

आमच्या प्याद्याचेंहि असेंच आहे. त्यास माघार नाहीं. तथापि शेवटच्या घरास पोंचतांच तें मोठ्या मोहऱ्याचा मान पावतें. जुन्या महाराष्ट्रीय खेळाडूंनीं तर प्यादेमात विशेष मानाची मानिली. परंतु पाठीशीं दुसऱ्या मोहऱ्याचा जोर नसेल, तर तें वाटेंतच मरतें. पुढें उभें राहणें हा प्याद्याचा धर्म. जोर देणें हा मागच्यांचा.

आमच्या यवतमाळ जिल्ह्यांत कोरडवाहू कापूस पिकविणारा शेतकरी असाच पहिल्या रांगेंत उभा असतो. तो पडला म्हणजे त्याचें धैर्य तोकडें होतें, असें म्हणण्यापूर्वीं त्यास जोर कोणाचा होता, हें आपण विचारलें पाहिजे.