चाकू नसलेला चाकू

गामा नाइफ म्हटलं की डोळ्यांपुढे चाकू येतो, पण या प्रकरणात चाकू कुठेच नाही बरं का! स्टॉकहोमचे न्यूरोसर्जन लार्स लेक्सेल यांनी 1951 साली कल्पना मांडली: डोक्याला फ्रेम बसवायची आणि कवटी न उघडता आतल्या एकाच बिंदूवर किरणांचे झोत एकवटायचे. एकेक झोत क्षीण, त्यामुळे वाटेतल्या मेंदूला फारसा धक्का नाही. सगळे भेटतात तिथे मात्र जबरदस्त डोस. 1968 मध्ये 179 कोबाल्ट-60 स्रोतांचं पहिलं यंत्र आलं.

गंमत म्हणजे, ते बनवलं होतं असह्य वेदना, कंपवात वगैरेंसाठी. नाव काढलं ते साध्या गाठींवर. 1969 मध्ये लेक्सेलनी त्याने अकूस्टिक न्यूरोमावर, म्हणजे कानाकडे जाणाऱ्या नसेवरच्या गाठीवर, उपचार केले. ही गाठ कॅन्सरची नाही, पण ऑपरेशनमध्ये चेहरा वाकडा होण्याची भीती. किरणांनी गाठ सहसा नाहीशी होत नाही, वाढायची थांबते. आमच्या भाषेत, बग काढला नाही, गोठवला. डोक्यात गाठ असताना ‘उपचार यशस्वी’ हे पचायला जडच!

सुरुवातीला डोस जास्त असायचा, काहींच्या चेहऱ्याची नस दुखावायची. एमआरआयमुळे गाठीची कड स्पष्ट दिसू लागली आणि 1990 च्या दशकात कडेचा डोस 12-13 ग्रेपर्यंत उतरला. तरीही बहुतेक गाठी थांबल्या, आणि चेहरे वाचले.

1997 मध्ये हे यंत्र मुंबई-दिल्लीत पोचलं. पेशंट मात्र अजूनही वर्षानुवर्षं एमआरआय काढतात... गाठ आहे तेवढीच आहे ना, हे बघायला.