न्हाणीतली गुडगुड

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. शनिवारची सकाळ, मी पुण्यात नुकताच चहा घेऊन बसलेलो, आणि हसनाबादहून अण्णांचा फोन आला. (हसनाबाद म्हणजे आमचं गाव. जालना जिल्हा, भोकरदन तालुका.)

"अरे, न्हाणीच्या जाळीतून पाणी वर यायलंय. काळं."

मागून आईचा आवाज, "तीन महिन्यांपासून गुडगुड करायली होती. मी सांगितलं होतं."

आमच्या धंद्यात याला म्हणतात, लॉगमध्ये वॉर्निंग येत होती पण कोणी वाचली नाही. अण्णांनी मात्र त्यावर तोडगा काढूनही ठेवला होता. "एक पोरगा आहे, टाकीत उतरून साफ करतो म्हणतो. पाचशे रुपयात." मी म्हटलं, अण्णा, मी येईपर्यंत कोणालाही उतरू देऊ नका. झाकणसुद्धा उघडू नका. आणि दुपारची गाडी पकडली.

तर मंडळी, या वेळचा लेख गटारावर आहे. जेवताना वाचत असाल तर नंतर वाचा.

घरातून निघालेली घाण नीट चालली आहे की नाही हे बाहेरून कसं ओळखायचं, हा प्रश्न तसा फार जुना. मोहेंजोदडोच्या गल्ल्यांतून साडेचार हजार वर्षांपूर्वी विटांच्या झाकलेल्या नाल्या होत्या. मला त्यात सगळ्यात आवडतं ते म्हणजे त्यावरची झाकणं उचलता यायची, आणि मधे मधे गाळ बसायला खड्डे होते. म्हणजे बांधणाऱ्याला बांधतानाच माहीत होतं की हे एक दिवस तुंबणार आहे. आमच्या घराचं काम झालं तेव्हा मिस्त्रीला आणि आम्हाला हे माहीत नव्हतं, हे पुढे कळेलच.

नळाला पाण्याइतकीच हवेची सोय लागते, हेही जुनं ज्ञान आहे. औरंगाबादला (आता छत्रपती संभाजीनगर) मलिक अंबरने सतराव्या शतकात नहर आणली, तिच्यावर ठिकठिकाणी उंच मनोरे बांधले. नळातली कोंडलेली हवा निघून जावी आणि दाब आटोक्यात राहावा म्हणून. ते पिण्याचं पाणी होतं, पण हवेचा नियम सांडपाण्यालाही तोच.

आता संडासाच्या खालचा वाकडा पाइप आठवा. त्यात कायम थोडं पाणी साचून राहतं आणि ते पाणी बुचासारखं काम करतं. पलीकडची हवा घरात येत नाही. १७७५ साली लंडनच्या अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीने अशा वाकड्या पाइपाच्या संडासाचं पेटंट घेतलं. पुढच्या शंभर वर्षांत श्रीमंतांच्या घरोघरी संडास आले, पण ते बसवणाऱ्यांना हवेचं गणित कळत नव्हतं.

मग १८७१ साल आलं. इंग्लंडचा युवराज (नंतरचा सातवा एडवर्ड) स्कारबरोला एका उमरावाच्या घरी पाहुणा म्हणून राहिला आणि टायफॉइडने मरता मरता वाचला. त्याच घरी उतरलेला दुसरा उमराव आणि युवराजाचा एक नोकर मात्र गेले. ठपका आला घराच्या गटारावर. त्या काळी समज असा होता की रोग वासातून, गटाराच्या हवेतून येतो. सगळा देश घाबरून आपापल्या न्हाणीकडे बघायला लागला.

१८७८ मध्ये लीड्सच्या टील नावाच्या सर्जनने चक्क चित्रांचं पुस्तक काढलं. घर उभं कापल्यासारखी चित्रं, आणि गटारातली हवा कुठून कशी खोल्यांत शिरते ते बाणांनी दाखवलेलं. सामान्य माणसाला आपल्या घरातला दोष ओळखता यावा म्हणून. माझ्या मते हे जगातल्या पहिल्या ट्रबलशूटिंग गाइडांपैकी एक.

आणि पेपरमिंटची चाचणी तर भारीच. घराबाहेरच्या पाइपात वरून पेपरमिंटचं तेल आणि गरम पाणी ओतायचं, आणि आत दुसऱ्या माणसाने खोलीखोलीतून हुंगत फिरायचं. जिथे पेपरमिंट तिथे गळती! ओतणाऱ्याने मात्र घरात पाऊल टाकायचं नाही, कारण त्याच्या हातालाच वास. टेस्टरने सिस्टिम खराब करू नये, हा नियम तेव्हापासूनचा.

गंमत म्हणजे निदान चूक होतं. टायफॉइड आणि कॉलरा वासातून येत नाहीत, घाण मिसळलेल्या पाण्यातून आणि अन्नातून येतात. पण चुकीच्या निदानातून पाइप मात्र सुधारले.

नेहमी असं होत नाही. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवीला डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. नगरपालिकेने काय केलं? गटारं समुद्राच्या पाण्याने आणि कार्बोलिकने धुवायला काढली. पिसवांचा आणि उंदरांचा संबंध पॉल-लुई सिमोंने दाखवला तो १८९८ मध्ये. भीतीने लोक शहर सोडून चालले होते, तेव्हा म्युनिसिपल कमिशनर स्नो यांना मोठी धास्ती वेगळीच होती. सफाई कामगार निघून गेले तर? मग मुंबई राहण्याजोगी उरणार नव्हती. त्या कामगारांना हलालखोर म्हणत आणि शहरात त्याच नावाचा कर होता. कर नोंदलेला, पण माणसं नेहमी बिननावाची.

इथे मला परत हसनाबाद आठवतं. पाचशे रुपयातला तो पोरगा.

संध्याकाळी पोचलो तेव्हा तो ओट्यावर बसलेला होता. विशी-बाविशीचा. त्याला म्हटलं, बस, आधी चहा घे. मग मी नेहमी करतो तेच केलं, प्रश्न अर्धा अर्धा कापत गेलो. एकच जागा तुंबली असती तर दोष त्या जागेपुरता. इथे संडासात पाणी टाकलं की न्हाणीत गुडगुड होत होती, म्हणजे दोघांच्या सामाईक लाइनमध्ये अडथळा. पाणी नेहमी सगळ्यात खालच्या तोंडातून वर येतं, ती आमची जाळी. मग घर आणि टाकी यांच्या मधल्या चेंबरची फरशी लांबून पहारीने सरकवली. चेंबर काठोकाठ भरलेलं. कोरडं असतं तर अडथळा घराकडे. भरलेलं म्हणजे पुढे, टाकीकडे.

कारणं तीन निघाली. टाकी बांधल्यापासून एकदाही उपसलेली नव्हती (साधारण दोन-तीन वर्षांनी उपसावी लागते). शोषखड्डा काळ्या जमिनीत. ती पावसात फुगली की पाणी मुरूच देत नाही, आणि उन्हाळ्यात भेगाळते तेव्हा पाइपाचे सांधे हलवते. आणि वरची खोली बांधताना मिस्त्रीने हवेचा पाइप कापून स्लॅबखाली बुजवलेला. अण्णांनी अधूनमधून ओतलेल्या अ‍ॅसिडने गाळ कुजवणारे जिवाणू मेले असणार, तो बोनस.

त्या पोराला मी एवढंच सांगितलं. टाकीतला हायड्रोजन सल्फाइड थोडा असला तर सडक्या अंड्यासारखा वास येतो. जास्त असला तर नाकच बधिर होतं, वास येईनासा होतो आणि माणूस कोसळतो. काढायला उतरलेला दुसराही. शिवाय मिथेन असतो, त्यामुळे काडी ओढून बघायचं नाही. २०१३ च्या कायद्याने सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा टाकीत उतरवायला बंदी आहे. असा मृत्यू झाला तर २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने १० लाख भरपाई सांगितली होती, २०२३ मध्ये ती ३० लाख केली. तो म्हणाला, "मला तर दादा पाचशे भेटतात." यावर मला काही बोलता आलं नाही.

रविवारी टँकर आला. पंप आणि लांब नळी, कोणी उतरलं नाही. त्या पोराने झाकण धरायला आणि नळी ओढायला मदत केली. अण्णांनी त्याला पाचशे दिले, न सांगता.

आता तुमच्यासाठी. संडास टाकला की न्हाणीत गुडगुड, दोन-तीन ठिकाणी एकदमच हळू जाणारं पाणी, फक्त पावसाळ्यात होणारा त्रास, सुकलेल्या जाळीतून वास, टाकीभोवती एकाच जागी दाट हिरवं गवत. यातलं काही दिसलं तर त्याच आठवड्यात बघा. तेव्हा पंपाने काम होतं. उशीर केला की "कोणीतरी उतरेल" असं वाटायला लागतं.

निघताना मी लाइनचा नकाशा काढला, चेंबर कुठे, टाकी कुठे, उपसल्याची तारीख, आणि मीटरच्या पेटीच्या आत चिकटवला. हवेचा नवीन पाइप पुढच्या महिन्यात बसला.

आईने नकाशा बघितला आणि म्हणाली, "हे ठीक आहे. पण पुढच्या वेळी मी गुडगुड म्हटलं की ऐकत जा."

असो. भेटू पुढच्या शनिवारी.