आगगाडीवरील प्लेग-तपासणी : न्याय आणि प्रामाण्य

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत प्लेगचे निदान झाले. ४ फेब्रुवारी १८९७ च्या साथरोग अधिनियमाने आगगाडीचे प्रवासी तपासण्याचा व संशयितांना अलग ठेवण्याचा अधिकार सरकारास दिला. अकोला व अमरावती येथील कापसाच्या पेठा लोहमार्गाने मुंबईशी जोडलेल्या असल्यामुळे वऱ्हाडाच्या दृष्टीने या प्रश्नास विशेष महत्त्व होते.

तपासणीत ज्वर व काखाजांघांतील गाठी पाहिल्या जात; परंतु संशय ठरविताना निघण्याचे ठिकाण आणि मळका वेष यांचाही विचार होई. तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशांना फलाटावर रांगेत उभे राहावे लागे; युरोपीय व वरच्या वर्गाच्या प्रवाशांशी व्यवहार बहुधा सौम्य असे.

या पद्धतीचे प्रामाण्य कितपत होते? संसर्गानंतर लक्षणे दिसण्यास एक ते सात दिवस लागतात. मुंबईहून बडनेऱ्याचा प्रवास मात्र सुमारे एका दिवसाचा. म्हणजे बाधित मनुष्य निरोगी ठरून सहज पुढे जाई. शिवाय १८९८ मध्ये सिमाँ याने मांडलेला आणि १९०५ नंतरच्या संशोधनाने दृढ झालेला सिद्धान्त असा की, रोगाचे मुख्य वाहन उंदरावरील पिसू होय. उंदीर व पिसवा धान्याच्या पोत्यांतून जात होत्या, आणि नाडी मात्र माणसाची पाहिली जात होती.

येथे गणिताचाही एक मुद्दा आहे. दहा हजार प्रवाशांत एक रोगी आहे आणि शंभर निरोग्यांपैकी एक चुकून संशयित ठरतो, असे समजू. मग त्या एका रोग्यामागे सुमारे शंभर निरोगी अडविले जातील. हा भार सर्व वर्गांवर सारखा न पडता तिसऱ्या वर्गावरच पडला, तर रोगीही तेथेच सापडणार आणि मूळचा ग्रह खरा भासणार. कारण ज्यांना तपासलेच नाही त्यांची नोंद उरत नाही. तात्पर्य, विषम तपासणी हा केवळ नीतीचा दोष नसून ज्ञानाचाही दोष आहे.

अमेरिकेत २०११ पासून पूर्वपरीक्षित विमानप्रवाशांना सौम्य तपासणीची सवलत मिळते. बडनेऱ्यानजीकच्या बेलोरा विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ रोजी नियमित प्रवासी वाहतूक सुरू झाल्याने आता वऱ्हाडासही हा विषय दूरचा राहिलेला नाही. धोक्याच्या अनुमानावर प्रवाशांची वर्गवारी करावयाची, तर विश्वासपात्र मानलेल्यांपैकीही काहींची यदृच्छेने पूर्ण तपासणी झाली पाहिजे. अन्यथा ते अनुमान खरे की खोटे, हे कधीच कळणार नाही.