वाळूत मुरलेला ऑर्गन

मराठी माणसाला ऑर्गन ठाऊक आहे तो संगीत नाटकातला. पायांनी भाता मारायचा, बोटांखाली काळ्या-पांढऱ्या पट्ट्या, आत पितळी रीड. म्हणजे कुळाने तो पेटीच्या जवळचा. चर्चमधला मोठा ऑर्गन या कुळातला नव्हे. त्यात रीड असतात, पण मुख्य मदार नळ्यांवर, आणि त्यातली साधी नळी म्हणजे बोटांची भोकं नसलेलं अलगूज. खालून वारा शिरतो, चिरेतून निघून समोरच्या धारेवर आपटतो आणि नळीतली हवा थरथरू लागते. लांबी ठरेल तो एकच सूर. दुसरा सूर हवा तर दुसरी नळी, आणि आवाजाचा पोत वेगळा हवा तर नळ्यांची अख्खी नवी रांग. म्हणून अशा ऑर्गनमध्ये नळ्या शेकड्यांनी मोजाव्या लागतात.

युरोपात या नळ्या कथील-शिशाच्या मिश्रधातूच्या किंवा लाकडाच्या करत. फिलिपाइन्समध्ये मनिलाच्या दक्षिणेला असलेल्या लास पिन्यास गावी एका स्पॅनिश पाद्र्याने त्या बांबूच्या केल्या. दिएगो सेरा हा ऑगस्टिनियन रेकोलेक्ट पंथाचा, मूळचा स्पेनमधल्या आरागॉन प्रांतातला. १७९५ मध्ये तो या गावचा पाद्री झाला आणि १८३२ मध्ये मरेपर्यंत गाव त्याच्याकडेच होतं. सेंट जोसेफचं दगडी चर्च त्यानेच बांधून घेतलं. १८१६ मध्ये ऑर्गन हाती घेतला. बांबू तिथे मुबलक आणि तो हाताळणारे लोकही हुशार. धातू मात्र महाग.

आवाज नळीतल्या हवेचा असतो, भिंतीचा फारसा नाही, त्यामुळे नळी बांबूची असली तरी सूर लागतो. अडचण बांबूच्या स्वभावात आहे. तो एकसारखा गोल नसतो, शेंड्याकडे निमुळता होत जातो आणि प्रत्येक पेराच्या गाठीत आडवा पडदा असतो. पडदे फोडायचे, मापाला मिळतील असे बांबू निवडायचे, तोंड कापायचं. हे सगळं चिकाटीचं काम, पण जमण्यासारखं. खरा वैरी म्हणजे भुंगेरा. बांबूच्या गरातल्या पिठूळपणासाठी तो आत शिरतो आणि आतून भुकटी करतो. आपल्याकडे बांबू अंधाऱ्या पंधरवड्यात तोडायचा, पाण्यात भिजत घालायचा, असे जे रिवाज आहेत ते याच किडीच्या धास्तीने. सेराने तोडलेले बांबू समुद्रकाठच्या वाळूत कित्येक महिने पुरून ठेवले. उकरल्यावर जे धड निघाले तेवढेच वापरले. वाळूने वाईट माल आधीच बाद केला, हा त्यातला मोठा फायदा. त्या नळ्या दोनशे वर्षं टिकल्या, त्याचं बरंचसं श्रेय या चाळणीला द्यायला हवं.

लोक याला सर्रास ‘बांबूचा ऑर्गन’ म्हणतात. हिशेब मात्र असा आहे: एकूण नळ्या १,०३१, त्यांपैकी बांबूच्या ९०२, उरलेल्या १२९ धातूच्या. स्पॅनिश ऑर्गनची ओळख म्हणजे दर्शनी भागातून थेट लोकांच्या अंगावर आडव्या रोखलेल्या तुताऱ्या. त्यात पितळी जीभ फडफडते आणि पुढची नळी तो आवाज मोठा करून फेकते. तो करकरीत, भेदक स्वर सेराला बांबूतून मिळेना. ऑर्गन १८२१ पासून वाजू लागला होता, तुताऱ्या मात्र राहिल्या होत्या. शेवटी त्याने त्या धातूच्या केल्या आणि १८२४ मध्ये वाद्य पुरं झालं. मला सेराचं कसब इथे सगळ्यात जास्त दिसतं. नऊशे नळ्या बांबूच्या केल्यावर उरलेल्याही त्याच्याच करण्याचा हट्ट सुटणं सोपं नसतं.

बाकी घडण सरळ स्पेनची. पट्ट्यांची ओळ एकच, पण ती मधोमध दुभंगलेली. डाव्या हाताच्या नळ्यांचे खटके वेगळे, उजव्या हाताचे वेगळे. त्यामुळे डावीकडे मंद बासरीचा भरणा ठेवून उजवीकडे तुतारीवर चाल वाजवता येते, दुसऱ्या ओळीची गरजच पडत नाही. छोट्या गावाच्या चर्चला ही सोय मोठीच. शिवाय गंमतीचे खटके आहेत, एक पाखरांचा आणि एक ढोलाचा. पाखरांसाठी स्पॅनिश कारागीर बारीक नळ्यांची तोंडं पाण्यात बुडवत, मग सूर सरळ न निघता किलबिलत निघे.

पुढचं शतक वाईट गेलं. १८६३ आणि १८८० चे भूकंप, १८८२ चं वादळ. चर्च खिळखिळं झालं, ऑर्गन काढून ठेवावा लागला. विसाव्या शतकात डागडुजी झाली, पण अर्धीमुर्धी. अखेर १९७३ मध्ये वाद्य सुटं करून जर्मनीत बॉनला, ‘योहानेस क्लाइस’ या कारखान्यात पाठवलं. बांबूच्या नळ्यांवर जपानमध्ये काम झालं. बॉनच्या कोरड्या हवेत बांबू तडकेल, म्हणून तिथल्या एका दालनात फिलिपाइन्ससारखी उष्ण, दमट हवा खेळती ठेवली होती. एरवी युरोपातून आलेली वाद्यंच आपल्या पावसाळ्यात फुगतात आणि सूर सोडतात. इथे जर्मन कारखान्याला आपल्या छपराखाली विषुववृत्ताकडचं हवामान मांडावं लागलं. १९७५ मध्ये ऑर्गन गावी परतला, आणि १९७६ पासून तिथे दरवर्षी त्याचा आंतरराष्ट्रीय संगीतमहोत्सव भरतो. २००३ मध्ये फिलिपाइन्सने त्याला राष्ट्रीय सांस्कृतिक ठेवा ठरवलं.

दुरुस्तीसाठी पुन्हा बॉनला जायची वेळ मात्र आली नाही. युरोपात हे काम शिकून आलेल्या फिलिपिनो कारागिरांनी १९९४ मध्ये लास पिन्यासमध्येच कारखाना काढला आणि त्याला नाव दिलं दिएगो सेराचं. २००३-०४ ची मोठी दुरुस्ती त्यांनीच केली.