बिलाखालची रिकामी रेघ

शिकागोला पहिल्यांदा ऑनसाईट जाणाऱ्याला आधी जाऊन आलेले लोक हमखास दोन सल्ले देतात. एक, जाड जॅकेट तिथेच घे. दोन, रेस्टॉरंटमध्ये टिप द्यायला विसरू नकोस. जॅकेटचं लगेच पटतं. टिपचं नाही. बिलावर १८ ते २० टक्के? उडप्याकडे बडीशेपेच्या ताटलीत सुट्टे पैसे ठेवणारे आपण! मनातल्या मनात डॉलरचे रुपये करतो आणि कार्डाच्या स्लिपवरच्या त्या रिकाम्या रेघेकडे बघत बसतो. मग कोणीतरी म्हणतंच, "वेटरला पगार मालकाने द्यावा ना, मी का?"

प्रश्न रास्त आहे. आणि त्याच्या उत्तराचा मोठा भाग त्याच शहरात, रेल्वेच्या डब्यात सापडतो.

अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६५ साली संपलं. दोनच वर्षांनी जॉर्ज पुलमनने शिकागोत आलिशान शयनयानांची कंपनी काढली. डब्यात प्रवाशांची सरबराई करायला त्याने मुद्दाम कृष्णवर्णीय पुरुष नेमले. सुरुवातीचे बरेचसे तर कालपरवापर्यंत गुलाम होते. बिछाने घाला, बूट पॉलिश करा, रात्री-अपरात्री घंटी वाजली की धावा. प्रवासी त्यांना सरसकट 'जॉर्ज' म्हणून हाक मारत. मालकाचं नाव! गुलामांना धन्याच्या नावाने ओळखायचे, तसंच. पगार इतका तुटपुंजा की टिपशिवाय घर चालणं शक्य नाही. १९१५ साली सरकारी आयोगापुढे हा पगार उघड झाला, महिन्याला साडेसत्तावीस डॉलर. कंपनीतर्फे साक्ष द्यायला कोण होते, तर रॉबर्ट लिंकन. हो, अब्राहम लिंकनचे चिरंजीव, पुलमन कंपनीचे माजी अध्यक्ष. यावर मी आणखी काय लिहू!

गंमत म्हणजे तेव्हाच्या कितीतरी अमेरिकनांना टिप ही युरोपातली सरंजामी खोड वाटायची. १९०९ साली वॉशिंग्टन राज्याने तिच्यावर चक्क कायद्याने बंदी घातली, पाठोपाठ आणखी काही राज्यांनी. १९२६ पर्यंत हे सगळे कायदे रद्दही झाले. पुलमनच्या पोर्टरांनी १९२५ मध्ये ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली युनियन काढली. कंपनीने करारावर सही करायला १९३७ उजाडलं.

पुढच्याच वर्षी किमान वेतनाचा कायदा आला, पण रेस्टॉरंटचे कामगार त्यातून वगळलेले. १९६६ मध्ये त्यांना आत घेतलं, तेही अर्धवट. म्हणजे मालकाने निम्मं द्यायचं, उरलेलं टिपमधून आलं असं धरायचं. केंद्रीय कायद्यातला मालकाचा हा वाटा १९९१ साली ताशी २ डॉलर १३ सेंट झाला आणि तिथेच अडकला. टिप कमी पडली तर फरक मालकाने भरून द्यावा, असं कायदा म्हणतो. पण आठवड्याच्या शेवटी मॅनेजरकडे हिशोब मागायची हिंमत किती जणांत असते, हे नोकरी करणाऱ्यांना मी सांगायला नको. इलिनॉयसारख्या राज्यांनी हा आकडा वाढवला, आणि २०२३ मध्ये शिकागोच्या नगरपरिषदेने दोन वेतनांमधला हा फरक टप्प्याटप्प्याने संपवायचं ठरवलं.

म्हणून 'तत्त्व म्हणून' टिप न देणाऱ्यांचं मला कधी पटत नाही. तत्त्व आपलं, आणि खिसा वेटरचा? मालकाला तर त्याचा पत्ताही लागत नाही.

असो. जाणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. टेबलावर येऊन कोणी वाढलं तर टिप द्यायचीच. काउंटरवरून कॉफी उचलली तर स्क्रीन काहीही विचारो, तुमची मर्जी. बारमध्ये ड्रिंकमागे एक-दोन डॉलर. हॉटेलची खोली सोडताना साफसफाई करणाऱ्यांसाठी रोख काढून ठेवा. आणि सहा-आठ जणांचा ग्रुप असेल तर रेघ भरण्याआधी बिल नीट वाचा, बऱ्याचदा 'ग्रॅच्युइटी' आधीच लावलेली असते. ही ग्रॅच्युइटी म्हणजे टिपच, पाच वर्षं नोकरी केल्यावर मिळते ती नव्हे!